फोटो धरून उभे राहिलेल्या सरांना

सर,

तुम्ही गेल्याचं परवा कळलं. भिंतीवरचा बाबांचा फोटो उतरवून पुसला आणि लिहायला बसलो.

गोव्यातल्या आमोण्यातलं आमचं घर तुमच्या लक्षात राहिलं होतं की नाही, कोण जाणे. बाबा बार्जवर खलाशी होते. खनिज भरून मांडवीतून मुरगाव बंदरात जायचं. पावसाळ्यात आग्वादकडची समुद्राची वाट बंद, मग कुंभारजुव्याच्या कालव्यातून जुवारीत उतरायचं. अशाच एका पावसाळी रात्री ते पाण्यात पडले. चौथ्या दिवशी सापडले. बार्जमालकाने सांगितलं, हा खलाशी त्या रात्री कामावरच नव्हता.

तुमच्या आधी एका पेपरचा वार्ताहर येऊन गेला होता. आईबाबांच्या लग्नाचा फोटो "छापून लगेच परत देतो" म्हणत खिळ्यावरून काढून घेऊन गेला. बातमी आली दोन ओळींची, एक खलाशी बुडाला. नाव नाही, गाव नाही. फोटो आजतागायत परत आला नाही. त्या रिकाम्या खिळ्याकडे बघत आई जेवायची, हे मी कधीच विसरणार नाही.

मग दूरदर्शनकडून तुम्ही आलात. फेरीबोटीतून उतरून चिखल तुडवत, पँट पोटरीपर्यंत लाल. बाबांचा एकच फोटो उरला होता, पासपोर्ट साइजचा. आईने तो मुठीत धरलेला. तुम्ही मागितला नाहीत. म्हणालात, "आई, हा तुमच्या नजरेआड होणार नाही. इथंच घेतो."

तुळशीवृंदावनावर फोटो ठेवला. वारा सुटला होता. कॅमेरामनचं काम होईपर्यंत तुम्ही वाकून, एका बोटाने त्याची कड दाबून उभे राहिलात. पाठीवर पागोळी गळत होती, तरी हलला नाहीत. मग रुमालाने फोटोवरचा थेंब टिपलात आणि दोन्ही हातांनी तो आईला परत दिलात. आई त्या आठवड्यात पहिल्यांदा आपणहून बोलली, "पुता, च्या घे." तुम्ही बसलात, चहा घेतलात, बाबांचं पूर्ण नाव आईकडून दोनदा म्हणवून घेतलंत.

बातमीनंतर मालकाची भाषा बदलली. पुढचं सगळं इथे सांगत बसत नाही. बहीण शिकली, एवढं पुरे.

2012 साली खाणी बंद पडल्या, बार्ज काठाला लागल्या, तेव्हा माईक घेऊन कितीतरी जण आले. शेजारचे काका रडू लागले तसा कॅमेरा आणखी जवळ गेला. मला त्या क्षणी तुमची फार आठवण आली. तुमच्याइतकी मोठी बातमी त्यांच्यापैकी कुणी दिली नाही, कारण आमच्या दारात तुमच्यासारखं कुणी थांबलंच नाही.

तुमची बातमी लागली त्या संध्याकाळी शेजाऱ्यांच्या टीव्हीवर बाबा पडदाभर दिसले. खालच्या कोपऱ्यात तुमच्या बोटाचं टोक होतं. आईला ते अजून आठवतं. काल तिला तुमचं सांगितलं, तर बराच वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "त्याला लिहितोयस ना, माझ्याकडूनही आभाराचं 'देव बरें करूं' लिही."