आधी छप्पर, मग काच

महोदय,

थंड प्रदेशांतील घरांच्या इंधनखर्चावरील आपला लेख वाचला. दुहेरी काचांचे कौतुक त्यात रकानाभर आहे, छपराची बोळवण मात्र एका ओळीत झाली आहे. इमारतींच्या हीटिंगची गणिते मांडण्यात माझी सारी नोकरी गेली, म्हणून हे पत्र.

आत-बाहेर एक अंशाचा फरक असताना चौरस मीटरमागे जितके वॅट निसटतात, ती यू-व्हॅल्यू. एकेरी काचेची साधारण ५.८, लो-ई लेप (उष्णता परत फिरवणारा अतिपातळ थर) आणि मधल्या पोकळीत आर्गॉन वायू असलेल्या दुहेरी काचेची १.२ च्या आसपास. विक्रेता एवढेच सांगतो. पण घरात काच असते किती? १२ चौरस मीटर धरली, तर अंशामागे ५५ वॅट वाचतात. त्याच बैठ्या घराचा ८० चौरस मीटरचा उघडा स्लॅब घ्या. यू-व्हॅल्यू ३ धरू. त्यावर १० सेंटीमीटर इन्सुलेशन घातले की ती ०.३ वर येते आणि २१६ वॅट वाचतात. २५०० डिग्री-डेच्या (आत-बाहेरच्या तापमानातील रोजच्या फरकाची हंगामभराची बेरीज) हिवाळ्यात ही बचत सुमारे १३ हजार युनिट उष्णतेची होते. गॅस जाळून ती मिळवायची तर अडीच टनांहून अधिक कार्बन डायऑक्साइड हवेत जातो.

इन्सुलेशनची जाडी वाढवावी तसा फायदा घटत जातो. पहिले ५ सेंटीमीटर यू-व्हॅल्यू ३ वरून ०.६ वर आणतात, पुढचे ५ फक्त ०.३ वर. तरीही मी १० च घालायला सांगतो, कारण खरा खर्च मजुरीचा, परांचीचा आणि वॉटरप्रूफिंगचा असतो. जादा जाडीचा त्या मानाने किरकोळ.

त्याआधी फटी बुजवाव्यात. दाराखालची पट्टी, चौकटीभोवतीचे सीलंट, पाइप भिंतीतून जातात तिथली भोके: इतके स्वस्त काम दुसरे नाही (म्हणूनच बहुधा त्याची जाहिरात कोणी करत नाही). मात्र घर बंदिस्त केले की स्वयंपाकघर-न्हाणीघरात एक्झॉस्ट पंखा हवाच, नाहीतर कोपऱ्यांत बुरशी धरते. इन्सुलेशनला वाफरोधक पडदा लागत असेल तर तो उबदार बाजूला. उलटा लावला की आतल्या आत ओल साठते.

खिडक्या बदलूच नयेत असे नाही. चौकटी कुजल्या असतील तर जरूर बदला, पण मग लो-ई लेपात काटकसर नको. बिनलेपाच्या दुहेरी काचेत पोकळीतून जाणारी अर्ध्याहून अधिक उष्णता प्रारणाने (किरणांच्या रूपाने) जाते, आणि लेप नेमके तेच अडवतो. लेपाविना यू-व्हॅल्यू २.८ च्या आसपासच अडकते.

बॉयलर किंवा हीट पंपाची (बाहेरची उष्णता विजेच्या जोरावर आत खेचणाऱ्या यंत्राची) ऑर्डर सर्वांत शेवटी द्यावी. जुन्या गळक्या घराच्या मापाने घेतलेले यंत्र दुरुस्तीनंतर विनाकारण मोठे ठरते. शिवाय उष्णतेची गरज घटली की रेडिएटरला कमी तापलेले पाणी पुरते आणि त्यावर हीट पंप कमी विजेत चालतो.

– एक निवृत्त अभियंता