सेक्वॉयातल्या अनोळखी मंडळींचे आभार

कॅलिफोर्नियातल्या सेक्वॉया राष्ट्रीय उद्यानात आईला जनरल शर्मन नावाचं प्रचंड झाड दाखवायला नेलं होतं. उंची 275 फूट, पण मान उंचीचा नाही, घनफळाचा. खोडाच्या घनफळात जगात पहिला नंबर! बघायला उतरताना काही वाटलं नाही. परतीचा चढ मात्र 7000 फुटांवरच्या विरळ हवेत आईला झेपेना, ती पायरीवरच बसली. तेव्हा स्वतःची काठी तिच्या हातात देणारे आजोबा, संत्रं सोलून एकेक फोड भरवणारी मुलगी, आणि "चढताय कशाला? उन्हाळ्यात खालच्या रस्त्यावरून फुकट शटल असते," म्हणत थांब्यापर्यंत सोबत आलेल्या रेंजरबाई, तुमचे मनापासून आभार. आजोबांनी काठी परत घेतलीच नाही. आणि हो, आई म्हणते, त्या पोरीला सांग, संत्रं फार गोड होतं.