बी.एस्सी. रसायनशास्त्रानंतर नोकरी की एम.एस्सी.?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

बी.एस्सी.च्या सहाव्या सत्राचा निकाल लागला की रसायनशास्त्राच्या मुलामुलींच्या घरी एकच चर्चा सुरू होते: एमआयडीसीत लागायचे की एम.एस्सी.ला प्रवेश घ्यायचा? बहुतेक घरांत निर्णय असा होतो की नोकरी मिळाली तर नोकरी, नाहीतर एम.एस्सी. हा क्रमच चुकीचा आहे. औषध आणि रसायन कारखान्यांत उत्पादन, गुणवत्ता तपासणी आणि संशोधन हे तीन वेगळे विभाग असतात. प्रत्येकाची पात्रता वेगळी असते आणि एका विभागात मोलाची ठरणारी दोन वर्षे दुसऱ्यात मोजलीच जात नाहीत.

उत्पादनाचे उदाहरण घ्या. औषधनिर्मिती सक्षम तांत्रिक व्यक्तीच्या देखरेखीखालीच चालावी, असे औषधे व सौंदर्यप्रसाधने नियम, १९४५ सांगतात. कारखान्यात त्या व्यक्तीला ‘अप्रूव्ह्ड केमिस्ट’, म्हणजे औषध प्रशासनाची मंजुरी मिळालेला रसायनतज्ज्ञ, म्हणतात. बी.फार्म. झालेल्याला त्यासाठी १८ महिन्यांचा अनुभव पुरतो. रसायनशास्त्र मुख्य विषय असलेल्या विज्ञान पदवीधराला औषधनिर्मितीचा ३ वर्षांचा प्रत्यक्ष अनुभव लागतो आणि तोही पदवीनंतरचा. एम.एस्सी.ची दोन वर्षे प्रयोगशाळेत गेलेली असतात, ती या अनुभवात धरली जात नाहीत. म्हणजे ज्याला लोटे, महाड, तारापूर किंवा कुरकुंभच्या एखाद्या औषध कारखान्यात उत्पादनातच वर चढायचे आहे, त्याने एम.एस्सी. केली तर मंजुरी दोन वर्षे लांबते. इथे एक चूक वारंवार होते. भरती ठेकेदारामार्फत होते आणि अनुभवपत्रावर ठेकेदाराचे नाव आणि ‘हेल्पर’ किंवा ‘ट्रेनी’ एवढेच लिहिलेले असते. पुढे मंजुरीच्या वेळी अशा पत्रावरून काहीच सिद्ध करता येत नाही. विभाग, काम आणि तारखा लिहिलेले पत्र प्रत्यक्ष कारखान्याकडून मिळणार का, हे रुजू होण्याआधीच विचारावे.

संशोधन विभागात मात्र उलट आहे. तिथे बी.एस्सी.वाल्याला फारसे कोणी विचारत नाही. जाहिरातीत बहुधा एम.एस्सी. सेंद्रिय रसायन मागतात, कारण रोजचे काम संश्लेषणाचे, म्हणजे नवी संयुगे तयार करण्याचे, असते. या विभागात जायचे असेल तर एम.एस्सी.ला पर्याय नाही, पण विशेषीकरण ‘जागा मिळाली ते’ या हिशेबाने घेऊ नये.

गुणवत्ता तपासणी, म्हणजे क्यूसी, या दोहोंच्या मधली आहे आणि सर्वांत जास्त मुले इथेच अडतात. बी.एस्सी. आणि एम.एस्सी. दोघेही मुलाखतीला येतात, आणि प्रश्न पदवीवर नसतात, एचपीएलसीवर, म्हणजे नमुन्यातले घटक वेगळे करून मोजणाऱ्या उपकरणावर, असतात. कॉलमचा, म्हणजे घटक वेगळे करणाऱ्या नळीचा, दाब अचानक का चढला? बफर (क्षारयुक्त द्रावण) वापरल्यावर कॉलम पाण्याने न धुता थेट अॅसिटोनायट्राइल हे द्रावक सोडले तर क्षार आत बसतो, हे ज्याने हाताने काम केले आहे तो लगेच सांगतो. मोबाइल फेज (कॉलममधून वाहणारे द्रावण) ०.४५ मायक्रॉनच्या फिल्टरमधून का गाळायचा, आलेखावरच्या पीकला (टोकाला) शेपूट का येते, सिस्टिम सुटेबिलिटीत, म्हणजे उपकरण नीट चालते का या तपासणीत, काय बघायचे, हे पुढचे प्रश्न. म्हणून एम.एस्सी.साठी महाविद्यालय निवडताना इमारत पाहू नका, द्वितीय वर्षाच्या मुलांना भेटा आणि विचारा की वर्षभरात एचपीएलसीवर नमुन्याची किती इंजेक्शने स्वतः दिली, म्हणजे उपकरणात नमुना किती वेळा सोडला. उपकरण कुलपात असेल किंवा एकच प्रात्यक्षिक लांबून दाखवले जात असेल, तर क्यूसीसाठी दुसरे महाविद्यालय शोधलेले बरे. नव्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात एम.एस्सी.च्या दुसऱ्या सत्रात ४ श्रेयांकांचे (क्रेडिटचे) कार्यप्रशिक्षण किंवा क्षेत्रीय प्रकल्प आहे. विभाग मुलांना खरोखर कारखान्यात पाठवतो की प्रमाणपत्र आणायला सांगून मोकळा होतो, हेही त्याच भेटीत कळेल.

प्राध्यापकीसाठी एम.एस्सी. एवढेच पुरेसे नाही. ५५ टक्के गुण (राखीव प्रवर्गासाठी ५०) आणि त्यावर नेट किंवा सेट ही पात्रता परीक्षा लागते. ही वाट धरणाऱ्याने पहिल्या सत्रापासूनच नेटचा अभ्यास सुरू करावा.

आता पैशांचा हिशेब. नियुक्तिपत्रात वार्षिक ३ लाख सीटीसी, म्हणजे कंपनीचा तुमच्यावरचा एकूण खर्च, लिहिले असेल, तर महिन्याला २५,००० हातात पडत नाहीत. मूळ वेतन व महागाई भत्ता १४,००० धरा. त्यावर १२ टक्के दराने मालकाचा पीएफ १,६८० आणि ग्रॅच्युइटीचे सुमारे ६७०, हे दोन्ही सीटीसीतच धरलेले असतात. उरलेल्या २२,६५० मधून तुमचा पीएफ १,६८० आणि व्यवसाय कर २०० जातो. (महिलांना महाराष्ट्रात २५,००० पर्यंत व्यवसाय कर नाही.) हातात सुमारे २०,७५० येतात, आणि सीटीसीत ‘व्हेरिएबल’, म्हणजे कामगिरीनुसार मिळणारा भाग, असेल तर त्याहून कमी. खोली, मेस आणि प्रवास यातून वजा करा आणि मगच एम.एस्सी.च्या दोन वर्षांच्या शुल्काशी तुलना करा. अनुदानित महाविद्यालयातही एम.एस्सी.ची तुकडी अनेकदा विनाअनुदानित असते, तेव्हा शुल्क आधी लेखी विचारून घ्यावे.

बाँडवर, म्हणजे ठरावीक काळ नोकरी न सोडण्याच्या करारावर, सही करताना ‘कोर्टात टिकत नाही’ या ऐकीव भरवशावर राहू नये. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका सार्वजनिक बँकेच्या प्रकरणात ३ वर्षांची सेवा किंवा २ लाख रुपये ही अट वैध धरली आहे. मूळ गुणपत्रिका कंपनीकडे ठेवायला देऊ नयेत, साक्षांकित प्रती द्याव्यात. पुढच्या वर्षी प्रवेश घ्यायचा झाल्यास मूळ कागद लागतात, विद्यापीठ बदलले तर स्थलांतर प्रमाणपत्रही लागते, आणि कंपनीकडून कागद वेळेत परत न मिळाल्याने प्रवेश हुकतो.

‘एकदा नोकरीला लागले की शिक्षण संपले’ ही भीती मात्र अनाठायी आहे. आयआयटींमधील एम.एस्सी.साठीच्या जॅम परीक्षेला वयाची अट नाही. तीन तास, ६० प्रश्न, १०० गुण. ऋण गुण फक्त पहिल्या विभागातील बहुपर्यायी प्रश्नांना. खरी अडचण वयाची नसून विसरण्याची असते. पाळीत काम करताना सेंद्रिय रसायनाशी थोडाफार संबंध राहतो, पण भौतिक रसायन आणि क्वांटम रसायन वर्षभरात पुसट होतात. त्यामुळे एक वर्ष नोकरी करून परीक्षा द्यायची असेल तर अभ्यासाची सुरुवात याच दोन भागांपासून करावी.

नव्या धोरणानुसार २०२४-२५ मध्ये संलग्न महाविद्यालयांत प्रथम वर्षाला आलेल्या तुकडीपुढे एक प्रश्न आणखी आहे. तीन वर्षांनी पदवी घेऊन बाहेर पडायचे की चौथे ऑनर्स वर्ष करायचे? ऑनर्सनंतर एम.एस्सी. एका वर्षाची, तीन वर्षांच्या पदवीनंतर दोन वर्षांची; एकूण पाचच वर्षे. फरक मध्येच सोडावे लागले तर पडतो. एका वाटेवर ऑनर्स पदवी हातात राहते, दुसरीवर एम.एस्सी.च्या पहिल्या वर्षानंतरची पदव्युत्तर पदविका. संशोधनासह ऑनर्स करायचे असेल तर पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के लागतात, आणि सोय प्रत्येक महाविद्यालयात नाही.

महाविद्यालयांना कळकळीची विनंती आहे. जॅमची नोंदणी साधारण सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये, म्हणजे पाचव्या सत्रातच होते. निकालानंतर घेतलेल्या मार्गदर्शनाचा म्हणूनच उपयोग होत नाही. रसायनशास्त्र विभागांनी ऑगस्टमध्ये एक दुपार राखून ठेवावी, पालकांनाही बोलवावे आणि दोन-तीन खरी नियुक्तिपत्रे, नावे झाकून, ओळीओळीने वाचून दाखवावीत.

आपला,
रसायनशास्त्राचा एक माजी अध्यापक, चिपळूण