थर्माकोलमध्ये खोचलेला आयसी

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

शालेय विज्ञान प्रदर्शनांचा हंगाम आणि कोरडी थंडी आपल्याकडे एकदमच येतात, आणि नेमक्या याच दिवसांत घरोघरी मुले इलेक्ट्रॉनिक किट जोडायला बसतात. गेल्या जानेवारीत माझ्या नातीने धावत्या दिव्यांचे किट जोडले, तेव्हा १० एलईडींपैकी सातवा काही केल्या पेटेना. सोल्डर तपासले, एलईडी बदलला. अखेर सीडी ४०१७ हा आयसी, म्हणजे दिवे एकामागून एक पेटवणारी चिप, नवा बसवला, तेव्हा कुठे दिवे शेवटपर्यंत धावले. पहिला आयसी दुकानातून पांढऱ्या थर्माकोलच्या तुकड्यात खोचून आला होता आणि नातीने ॲक्रिलिकचा स्वेटर चटचट आवाज करत उतरवून लगेच त्याच्या पिना बोटांनी सरळ केल्या होत्या.

थर्माकोल आणि ॲक्रिलिक या दोन्हींवर घर्षणाने स्थिर विद्युत साठते, आणि तिचा झटका माणसाला जाणवतो तो साधारण ३,००० व्होल्टच्या पुढे. सीमॉस आयसी (४०१७ याच जातीचा) किंवा मॉसफेट या ट्रान्झिस्टरच्या आतील अतिशय पातळ विद्युतरोधक थराला मात्र काहीशे व्होल्टही भारी पडू शकतात, म्हणजे आपल्याला काहीच न जाणवता भाग निकामी झालेला असतो. त्याहून त्रासदायक म्हणजे अर्धवट दुखावलेला आयसी आज चालतो आणि महिन्याभराने दगा देतो, आणि मूल बिचारे आपले सोल्डरिंगच चुकले असे समजून हिरमुसते.

यावरचे उपाय महागडे नाहीत. टेबलावर प्लास्टिकऐवजी सुती चादर अंथरावी, आयसीसाठी आधी सॉकेट सोल्डर करून आयसी सर्वांत शेवटी बसवावा आणि तो पिनांना न धरता कडांना धरून उचलावा. नळाला हात लावून अंगावरचा विद्युतभार घालवण्याचा जुना सल्ला प्लास्टिकच्या पाइपांमुळे आता निरुपयोगी झाला आहे. हा भार जमिनीत सोडणारा मनगटपट्टा घ्यायचा तर १ मेगाओहम रोध असलेला तयारच घ्यावा आणि घरातील अर्थिंग इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्यावे. साधी तार हाताला गुंडाळून अर्थिंगला जोडणे जिवावर बेतू शकते, कारण चुकून २३० व्होल्टचा स्पर्श झाला तर प्रवाहाला आवर घालणारा तो रोधच तिथे नसतो.

विक्रेत्यांनाही माझी कळकळीची विनंती आहे. सुटे भाग ज्या गुलाबी प्लास्टिकच्या पिशवीत देतात ती स्वतः विद्युतभार निर्माण करीत नाही, पण बाहेरची ठिणगी अडवत नाही. ते काम धातूचा थर असलेली चंदेरी पिशवी करते. ती परवडत नसेल तर निदान आयसीच्या पिना काळ्या वाहक फोममध्ये खोचून द्याव्यात, पांढऱ्या थर्माकोलमध्ये नव्हे. आणि किट तयार करणाऱ्यांनी आतल्या माहितीपत्रकावर, जिथे रेझिस्टरच्या रंगांचा तक्ता छापतात तिथेच, याविषयी चार ओळी मराठीत छापाव्यात.

आपला,
एक वाचक, पुणे