बिथरलेल्या कुत्र्याला धाक नको, हळुवार हात हवा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

दिवाळी जवळ आली की फटाक्यांच्या आवाजाने पलंगाखाली शिरून थरथरणाऱ्या कुत्र्याला ओरडून, पट्ट्याला हिसके देऊन किंवा चापट मारून ‘सरळ’ करण्याचे प्रकार अनेक घरांत होतात. एका प्रशिक्षकाच्या सल्ल्यावरून आम्हीही आमच्या राणीशी असेच वागलो. त्याने तिची भीती वाढलीच, शिवाय ती आमच्या हातालाही घाबरू लागली. याची खंत मला आजही आहे.

पुढे ‘टेलिंग्टन टीटच’ या हळुवार स्पर्शाच्या पद्धतीची ओळख झाली. अश्वप्रशिक्षक लिंडा टेलिंग्टन-जोन्स यांनी १९७०च्या दशकात मोशे फेल्डेनक्राइस यांच्याकडे माणसाच्या शरीराच्या हालचालींविषयीचे शिक्षण घेतले, ते घोड्यांसाठी वापरले आणि नंतर कुत्र्यांसह इतर प्राण्यांसाठीही त्याचा विस्तार केला. यातील मूळ स्पर्श वर्तुळाकार आहे. बोटे केसांवरून घासायची नसतात, तर बोटांखालची कातडी हलकेच फिरवायची असते. घड्याळातील सहाच्या जागेपासून निघून, पूर्ण वर्तुळ करून, तसेच पुढे नऊच्या जागेपर्यंत जायचे, म्हणजे सव्वा फेरा होतो, आणि मग हात दुसऱ्या जागी ठेवायचा. दाब किती असावा, हे आपल्याच पापणीवर बोट ठेवून पाहिले की कळते. राणीला सर्वांत मानवले ते कानाच्या मुळापासून टोकापर्यंत सावकाश हात फिरवणे. ती अजूनही फटाक्यांना घाबरते, पण आता लपून न बसता माझ्या मांडीवर डोके टेकवते.

याच पद्धतीत पट्टा सतत ओढणाऱ्या कुत्र्यासाठी जमिनीवर काठ्या मांडून, वळणावळणाच्या त्या वाटेने त्याला हळूहळू चालवतात. पाऊल कुठे पडते इकडे लक्ष गेले की त्याची घाई ओसरते, आणि थांबणे, वळणे, सोबत चालणे शिकवणे सोपे जाते.

या पद्धतीवर शास्त्रीय संशोधन अजून थोडेच झाले आहे, त्यामुळे तिला औषधाचा पर्याय मानू नये. स्पर्श करताच एरवी शांत असलेला कुत्रा गुरगुरू लागला, तर दुखणे असू शकते, म्हणून आधी पशुवैद्यकाला दाखवावे. कुत्र्याने मान फिरवली, ओठ चाटले किंवा अंग आखडून घेतले, तर हात लगेच काढून घ्यावा. त्याला दाबून धरून केलेला स्पर्श हा पुन्हा धाकच होय. अनोळखी किंवा भटक्या कुत्र्यावर तर हा प्रयोग मुळीच करू नये.

फटाके सुरू झाल्यावर हे शिकवता येत नाही. शांत दिवसांत, रोज पाच-दहा मिनिटे, काही आठवडे आधीपासून सराव हवा. म्हणून आपल्या वृत्तपत्राने दिवाळीच्या महिनाभर आधी जाणकार पशुवैद्यकांकडून याविषयी सचित्र माहिती लिहून घेऊन प्रसिद्ध करावी, ही कळकळीची विनंती.

आपली,
एक श्वानपालक, सातारा