मंत्रिमहोदय, ज्यात माझी केळी दिसली नाही तो फोटो दाखवा

मा. कृषिमंत्री, महाराष्ट्र राज्य,
स.न.वि.वि.

परवा विमा कंपनीचा मेसेज आला: उपग्रह छायाचित्रात गटावर केळी आढळली नाही, पीक विम्याचा अर्ज बाद.

साहेब, गेल्या पावसाळ्यात लावलेली ही मृग बाग मे महिन्याच्या वादळात आडवी झाली. घड भरत आले होते, व्यापारी बाग पाहून गेला होता. खोडं कमरेतून मोडली, घड मातीत गेले. ती खोडं बाहेर काढायलाही मजुरी मोजली. सोसायटीचं कर्ज तसंच उभं आहे. आणि आता मी केळी लावलीच नव्हती म्हणे! सातबाऱ्यावर केळी आहे. सरकारच्याच ई-पीक पाहणीत बागेत उभं राहून काढलेला फोटो आहे. तो कोणी उघडून तरी पाहिला का?

उपग्रहावर माझा राग नाही. 30 जुलै 2025 ला इस्रो-नासाचा निसार उपग्रह झेपावला तेव्हा आमचं अख्खं घर टीव्हीसमोर होतं. 747 किलोमीटरवरून त्याचं रडार ढगांआडची जमीन पाहतं, दर 12 दिवसांनी तीच जागा पुन्हा टिपतं. पण साधा कॅमेरा असलेल्या उपग्रहाला पावसाळ्यात ढगच दिसतात. इस्रोच्या रिसोर्ससॅट-2ए उपग्रहावरच्या लिस-3 कॅमेऱ्याच्या फोटोतला एक ठिपका म्हणजे जमिनीवर सुमारे 23.5 मीटर लांब-रुंद चौकोन. एका एकरात असे जेमतेम सात ठिपके बसतात, त्यातही बांधावरचे अर्धे शेजाऱ्याच्या कपाशीचे. जूनमध्ये लावलेलं रोप लहान असताना वरून उघडी मातीच दिसणार. माझा फोटो कोणत्या उपग्रहाचा, कोणत्या तारखेचा?

तालुक्याला विचारलं तर जिल्ह्याला जा, जिल्हा म्हणतो कंपनीला विचारा, कंपनीचा फोन कोणी उचलत नाही. रोपं खराब निघाली, पुरावा शेतकऱ्याने द्यायचा. केळीच्या जाहीर झालेल्या बोर्डभावापेक्षा कमी दराने माल उचलला, पुरावा शेतकऱ्याने द्यायचा. आता आम्हाला खोटं ठरवलंय, तर त्याचा पुरावा तरी तुम्ही द्याल की नाही? निसारची माहिती जगाला खुली, आणि माझ्या शेताचा फोटो मलाच बंद?

बाद केलेल्या प्रत्येक अर्जासोबत गट नंबर आणि तारखेसह छायाचित्र द्या. जिथे वाद आहे तिथे कृषी सहायकाला बांधावर पाठवा. माझ्या शेतात मोडलेल्या केळीचे बुंधे अजून आहेत. नांगर घालायच्या आत माणूस पाठवा.

आपला,
एक केळी उत्पादक, रावेर तालुका, जि. जळगाव