तुमच्या गोडाउनमधून सुटा निघालेला माल

प्रति,
व्यवस्थापक,
ठिबक संच विक्री विभाग, जळगाव

विषय : पाइप, फिल्टर व पाण्याची मोटार पिकअपमध्ये नीट न बांधल्यामुळे झालेला अपघात आणि नुकसानभरपाई

महोदय,

गेल्या महिन्याच्या १२ तारखेला तुमच्या गोडाउनमधून माझ्या कांदेबाग केळीसाठी ठिबकचा माल निघाला. तीन इंची पीव्हीसी पाइप ६०, सोळा एमएमच्या नळ्यांची बंडलं, एक सँड फिल्टर आणि साडेसात एचपीची मोटार. बिलात 'भरणे व बांधणे' या नावाने ६०० रुपये वेगळे लावले आहेत आणि ते मी जागेवर दिले आहेत. बिलाची प्रत सोबत जोडली आहे.

माल भरताना मी तिथे उभा होतो. पाइप २० फुटी, पिकअपचा हौदा जेमतेम नऊ फुटी. हमालांनी पाइपांची पुढची टोकं टपावरच्या जाळीवर टेकवली आणि मागची टोकं उघड्या फाळक्यावरून पाच-सहा फूट बाहेर सोडली. म्हणजे सगळा भारा मागे उतरता. मधोमध नायलॉनच्या दोरीचा एक वेढा आणि शेवटी लाल फडकं. फिल्टर मागच्या बाजूला आडवा, मोटार खोक्यासकट हौद्यात सुटी. दोघांखाली ना लाकडाचं पाचर, ना पोत्याची घडी.

मी सुपरवायझरला म्हणालो, "हे सरकेल." तो म्हणाला, "काही होत नाही भाऊ, रोज अशाच जातात गाड्या."

मी १९९८ ते २००९ अशी अकरा वर्षं केळीच्या ट्रकवर काढली आहेत, सावदा ते दिल्ली. माल कसा सुटतो हे मला कुणी सांगायला नको. तरी मी तुमच्या माणसाच्या शब्दावर गप्प बसलो, याचं मला आजही वाईट वाटतं.

गाडी ममुराबाद मार्गे निघाली. माझा पुतण्या रस्ता दाखवायला मोटरसायकलवर पुढे होता. पेट्रोलला थांबला म्हणून मागे पडला. विदगावजवळ वाळूचा ट्रॅक्टर आडवा आला आणि ड्रायव्हरने जोरात ब्रेक मारला. गाडी थांबली, फिल्टर थांबला नाही. तो गडगडत पुढे गेला आणि मोटारीच्या खोक्यावर आदळला. मोटारीचा फ्लँज तुटला, फिल्टरच्या व्हॉल्व्हची मान वाकली. त्याच दणक्यात दोरीची गाठ ढिली झाली. ड्रायव्हरला ते कळलं नाही. तापीच्या पुलाकडे चढ लागताच त्याने गाडी रेटली आणि मुळ्याच्या जुडीतून मधला मुळा निसटावा तसे मधले पाइप मागे निसटले. सोळा पाइप रस्त्यावर आले. पुतण्याने मोटरसायकल खाली घातली म्हणून पाइप छातीवर आला नाही. उजव्या हाताचं कोपराजवळचं हाड मोडलं आहे. प्लास्टर सहा आठवड्यांचं आहे.

ही चूक दोरीची नव्हती, बांधणीची होती. पीव्हीसी गुळगुळीत असतं. मधोमध एकच वेढा दिला तर तो वरच्या आणि कडेच्या पाइपांना आवळतो, आतले मोकळेच राहतात. दोन्ही टोकांजवळ भाऱ्याला आधी स्वतंत्र गच्च वेढे घालायचे, मग तो भारा गाडीच्या कड्यांना बांधायचा. शिवाय दोरीने फक्त खाली दाबून भागत नाही, मागे सरकू नये म्हणून आडवा अटकावही लागतो. नायलॉन ताणला जातो आणि माल बसला की ढिला पडतो. म्हणून आम्ही निघाल्यावर दहा-पंधरा किलोमीटरवर थांबून दोर पुन्हा आवळायचो. रॅचेटचा, म्हणजे दांड्याने आवळायचा, पट्टा असेल तर हे काम दोन मिनिटांचं आहे. जड वस्तू खाली, केबिनच्या भिंतीला टेकवून, मधोमध ठेवायची. मागे ठेवली की पुढच्या चाकांवरचा भार हलका होतो आणि स्टिअरिंग हातात राहत नाही.

पुतण्या डिप्लोमा मेकॅनिकल आहे. त्याने मला युरोपात वापरतात ते मानक दाखवलं. बांधणीने पुढच्या दिशेला मालाच्या वजनाच्या ८० टक्के आणि बाजूला व मागे ५० टक्के जोर पेलला पाहिजे, असा त्यातला हिशेब आहे. तुमच्या गाडीतल्या फिल्टरला पुढे अडवणारं काहीच नव्हतं.

मुळात २० फुटी पाइप नऊ फुटी हौद्यात घालायचेच कशाला? लांब हौद्याची गाडी मागवली असती तर भाडं थोडं जास्त लागलं असतं, ते मी दिलं असतं. मला कुणी विचारलं नाही.

फोनवर तुमच्या कार्यालयातून सांगण्यात आलं की गाडी भाड्याची होती, ड्रायव्हरशी बोला. हे मला मान्य नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ (१ए) मध्ये माल ठरलेल्या मर्यादेपलीकडे बाहेर काढून गाडी चालवणाऱ्याला २० हजार रुपये दंड आहे, आणि तशी गाडी चालवायला लावणाऱ्यालाही तोच आहे. गाडी तुम्ही ठरवली, माल तुमच्या हमालांनी भरला, बांधणीचे पैसे तुम्ही घेतले. तो ड्रायव्हर पोरगा वीस-बावीस वर्षांचा होता, पुतण्याला रिक्षात घालून दवाखान्यात त्यानेच नेलं. त्याच्या पगारातून हे कापू नका.

मला मोटार आणि फिल्टर बदलून हवेत, दुरुस्त करून नकोत. फुटलेले ११ पाइप नवे हवेत. दवाखान्याचा खर्च १८,४०० रुपये झाला आहे, त्याच्या पावत्या जोडल्या आहेत. केळीची टिश्यू कल्चरची रोपं आणून ठेवली आहेत, ती सावलीत पिशव्यांमध्ये उभी आहेत आणि पाण्याची सोय नसल्यामुळे लागण अडली आहे. म्हणून माल आधी द्या, पैशांचं नंतर बघू. आणि गोडाउनच्या गेटवर पट्टे, पाचर आणि माल तपासणारा एक माणूस ठेवल्याचं लेखी कळवा. रोज अशाच गाड्या जातात असं तुमचाच माणूस म्हणतो. त्या गाड्यांच्या मागे रोज कुणाचा तरी पुतण्या असतो.

पंधरा दिवसांत लेखी उत्तर आलं नाही तर १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवून जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाईन. पाइप भरल्यानंतर गाडीचा फोटो मी गोडाउनमध्येच काढला होता, तोही सोबत आहे.

तुटलेला माल मी जसाच्या तसा शेडमध्ये ठेवला आहे. पाहायला माणूस पाठवायचा असेल तर सकाळी अकराच्या आत पाठवा, नंतर मी बागेत असतो.

आपला ग्राहक,
एक केळी उत्पादक शेतकरी,
अडावद शिवार, ता. चोपडा, जि. जळगाव